लेकीच्या घरचा घास

केसरबाईचं लग्न बैलांच्या सौद्यात जमलं. तिचा बाप साखरखेर्ड्याजवळचा. बैल घ्यायला म्हणून तो पार सोनाळ्याच्या यात्रेपर्यंत आला. ज्याच्याशी सकाळभर घासाघीस केली, त्याच्याचबरोबर दुपारी लिंबाखाली शिदोरी सोडून बसला. जेवताना कळलं, माणूस आपल्याच जातीतला, सोयरिकीत बसणारा. त्याला मुलगा, याला मुलगी. बैलांचा भाव काही जुळला नाही, पोरांचं मात्र जुळलं. पुढच्या उन्हाळ्यात केसर नांदायला आली.

माहेर जिल्ह्याच्या एका टोकाला, सासर दुसऱ्या टोकाला. मधे एस. टी. बदलत बदलत सगळा दिवस जायचा. माहेरची माणसं 'मला-तुला' बोलत, सासरची 'मले-तुले'. सुरुवातीला ती "मला मीठ द्या" म्हणाली की सासू सुभद्राबाई चुलीपाशी हसायची. हळूहळू केसरबाईच्या तोंडात 'मले' बसलं. तीही त्या घरात बसली. सासरा पुढं काही वर्षांनी वारला. सातपुड्याच्या पायथ्याची जमीन, विहिरीला पाणी, थोडी वांगी-मिरची, बाकी ज्वारी आणि कपाशी. नवरा रंगराव कमी बोलणारा, पण कधी हात न उचलणारा. सुभद्राबाई तोंडाची फटकळ, पण सून तापानं पडली तर स्वतः जात्यावर बसणारी.

एवढं असून घरात पाळणा हलला नाही.

नवस झाले. शेगावच्या वाऱ्या झाल्या. झाडपाल्याची औषधं झाली. एकदा खामगावच्या डॉक्टरीणबाईला दाखवलं. ती म्हणाली, हिच्यात काही दोष दिसत नाही, पुढच्या वेळी मालकाला सोबत आणा. घरी येऊन केसरबाईनं ते सासूला सांगितलं. सुभद्राबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सुपातली डाळ पाखडत राहिली. पुन्हा खामगावला जायचा विषय निघाला नाही.

केसरबाईची आई जनकाबाई दरवर्षी लेकीला भेटायला यायची. येताना गव्हाच्या शेवया आणायची, आणि स्वतःपुरतं पीठही बांधून आणायची. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीही प्यायचं नाही, ही जुनी रीत. पुष्कळांनी ती सोडली होती. जनकाबाईनं सोडली नाही. अंगणाच्या कडेला तीन दगड मांडून ती आपली भाकर भाजायची. पाणी गावविहिरीचं, आपल्या गडव्यातलं.

"तुह्या लेकराच्या बारशाला पहिला घास घेईन, पोरी," ती म्हणायची.

पहिल्या काही वर्षांत सुभद्राबाईलाही त्याचं कौतुक होतं. "बारशाले गोडाचा घास भरवू इहीनबाई, दोघी मिळून," ती म्हणायची. नंतर ती गप्प झाली. अंगणातले ते तीन दगड रस्त्यावरून सरळ दिसत. जाणारी-येणारी बाई थांबायची. "काऊन व केसर, माय बाहीर काऊन रांधते?" विचारणारीला उत्तर ठाऊकच असायचं. आई गेली की केसरबाई ते दगड उचलून गोठ्यामागं टाकायची, आणि पुढच्या वर्षी आई तेच शोधून परत आणायची. तरी केसरबाईला आतून त्याचा एक आधारही होता. अजून कुणीतरी त्या बारशाची वाट पाहत होतं.

मग तो मोठा दुष्काळ आला. सोनाळ्याकडं निदान विहिरी तगल्या, पहाडाच्या बाजूनं एक-दोन पाऊस झाले, ज्वारी हाती लागण्याजोगी आली. साखरखेर्ड्याकडं पेरलेलं जमिनीतच जळून गेलं. केसरबाईचा बाप तेव्हा हयात नव्हता. भाऊ पुंजाजी आणि त्याची बायको रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, आणि कामाच्या जागेवरच पाल ठोकून राहिले. जनकाबाईच्यानं खडी फुटेना. पुंजाजी म्हणाला, "माये, केसरकडं जाऊन राह्य थोडे दिवस."

ती आली. गाठोड्यात एक लुगडं, आणि रेशनच्या दुकानात मिळणाऱ्या लाल मिलोचं थोडं पीठ. गाल बसले होते. केसरबाईनं तिला ओसरीवर टेकवलं आणि सवयीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. जनकाबाईनं तो बाजूला सारला, गाठोड्यातून आपला गडवा काढला आणि गावविहिरीकडं निघाली. एवढ्या दिवसभराच्या प्रवासानंतर.

पीठ किती दिवस पुरणार! केसरबाई रोज बघत होती. भाकर आधी दोनाची एक झाली, मग एकीची अर्धी. शेवटी तिनं आई विहिरीवर गेलेली पाहून घरातलं मूठ-दोन मूठ पीठ आईच्या डब्यात ओतलं. तिला वाटलं, कळणार नाही. पण मिलोचं पीठ लालसर, आणि घरच्या ज्वारीचं पांढरंशुभ्र. जनकाबाईनं डबा उघडला, आत बोट फिरवून बघितलं, आणि उठून सगळं पीठ गाईच्या टोपल्यात रिकामं केलं.

"माय!" केसरबाई ओरडली. "उपाशी मरशीन काय?"

"मरन. पण तुही वाट नाही अडवायची मी. म्या घास खाल्ला तर देवाला वाटंल, म्हातारी थकली, हिला आता नातू नको."

सुभद्राबाई दारातून ऐकत होती. ती म्हणाली, "इहीनबाई, असं काय करता? घरात दाना हाय, देवानं देल्ला हाय. खा गुमान. लोक म्हनतीन सुभद्रीनं इहिनीले उपाशी ठेवलं."

"तुमच्यावर बोल नाही येऊ द्यायची," जनकाबाई म्हणाली. संध्याकाळी रंगराव बैल घेऊन आला तेव्हा ती त्याच्यापुढं पदर सावरून उभी राहिली. "जवाईबापू, मला सोंगणीला लावा. समद्या बायांना जी ज्वारी देता तीच मला द्या. ती मह्या कष्टाची, तिला रीत आडवी येत नाही."

रंगराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला. "तुमी घरात बसून खा ना माय," एवढंच तो म्हणाला. ती हलली नाही. दुसऱ्या दिवशी मजूर बायांबरोबर विळा घेऊन ती शेतात हजर.

ज्वारीची सोंगणी म्हणजे पाठ मोडणारं काम. ताटं मुळाशी कापायची, ओळीनं आडवी टाकायची, मग बसून कणसं खुडायची. केसरबाई घरची सून असली तरी सोंगणीला उतरायचीच. आता तिच्या शेजारच्या ओळीत तिची आई होती. बायांना ते अवघड झालं. केसरबाईसमोर त्या नेहमीसारख्या थट्टा करीनात. जनकाबाई मात्र मान खाली घालून कापत राहायची. ती मागं पडू लागली की केसरबाई आपली ओळ सोडून तिच्या ओळीतली ताटं कापून पुढं सरकवायची. जनकाबाई ती ताटं पुन्हा लेकीच्या ओळीत टाकायची.

"तुह्या वाट्याचं तू काप. मला फुकटचं नको."

दुपारी मजूर बाया बांधावर बसून जेवायच्या. मजुरीच्या ज्वारीची भाकर, त्यावर तिखट. जनकाबाई त्यांच्यात बसायची. केसरबाईनं सोबत आणलेल्या वांग्याच्या भाजीकडं ती बघायचीही नाही.

अशात पाहुणे आले. केसरबाईची नणंद विमलबाई जामोदकडं दिली होती. ती दरवर्षी सुगीला नवऱ्यासह, पोरांसह माहेरी यायची. विहिरीच्या कडेचा ज्वारीचा एक तुकडा उशिरा पेरलेला असायचा, तो तिच्या पोरांच्या हुरड्यासाठी राखलेला. घर एकदम भरून गेलं. सकाळी चहाच्या दोन फेऱ्या, पोरांना दूध, विमलबाईच्या नवऱ्याला, म्हणजे महादेवरावांना, अंघोळीला कढत पाणी. केसरबाई पहाटे उठून सगळं उरकायची आणि मग शेतात जायची. विमलबाई मनानं वाईट नव्हती. पोरांना ओरडत, मधूनच भावजयीच्या हातातलं काम ओढून घेत ती घरात वावरायची. पण यंदा ती केसरबाईच्या नजरेला नजर देत नव्हती.

त्याच आठवड्यात कपाशीची सीतादही होती. वेचणी सुरू करताना घरची बाई दही-भात घेऊन शेतात जाते, कपाशीच्या झाडांना हळद-कुंकू लावते, चारी दिशांना भात शिंपडते. लग्न होऊन आल्यापासून ते केसरबाईच करायची. तिनं ताट वाढून ठेवलं, नवं लुगडं नेसून बाहेर आली, तर ताट विमलबाईच्या हातात.

सुभद्राबाई म्हणाली, "यंदा विमल करीन. लेकुरवाळीच्या हातानं होऊ दे. पान्या-पावसाचं साल असं, काही कमीजास्त नको."

"हो मामीजी," केसरबाई म्हणाली. नवं लुगडं सोडून ठेवून ती भांडी घासायला बसली. तेव्हाच तिला कळायला हवं होतं. कळलंही असेल. ती कुणाशी बोलली नाही.

बोलली ती मजुरांतली वच्छलाबाई. ओळीत कापता कापता, जनकाबाई पुढं गेलेली बघून ती हळूच म्हणाली, "केसर, तुले मालूम हाय ना? विमलबाईच्या गावची पोरगी पाह्यली म्हन्तात रंगरावासाठी. पोरीचा काका उद्या येऊन राह्यला. हुरड्याच्या नावानं जमीन पाहाले."

केसरबाईच्या हातातला विळा थांबला. मग पुन्हा चालू झाला.

संध्याकाळी ती गोठ्यात गेली. रंगराव बैलांपुढं कडबा टाकत होता.

"उद्या कोन येऊन राह्यलं?"

"पाव्हना हाय. महादेवरावाच्या वळखीचा."

"कायले येते?"

तो कडब्याची पेंढी सोडत राहिला.

"मी तुमाले इचारून राह्यली. तुमच्या मनात काय हाय?"

"माय म्हन्ते..."

"मायचं मले ठाव हाय. तुमचं सांगा."

त्यानं पेंढी सोडली, दुसरी घेतली, तीही सोडली. बैलांपुढं गरजेपेक्षा जास्त कडबा झाला. शेवटी तो म्हणाला, "तुले कोनी घराबाहीर काढत नाही. तू तं थोरलीच राहाशीन." आणि बादली घेऊन पाण्याला गेला. बारा वर्षांच्या संसारात त्यानं तिच्याशी एवढं एकच मोठं वाक्य बोलावं, तेही असं, याचं तिला हसू आलं. जास्तीचा कडबा उचलून तिनं पुन्हा पेंढीत बांधला.

दुसऱ्या दिवशी शेतात रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. पाहुणा आला. माणिकराव त्याचं नाव. पांढरा फेटा, मिशा नीट कातरलेल्या, बोलणं गोड. त्यानं आधी हुरडा खाल्ला, वाखाणला, मग महादेवरावांबरोबर बांधाबांधानं फिरून विहीर बघितली, पाण्यात खडा टाकून बघितला. केसरबाई विस्तवापाशी बसून रोडगे उलटत होती. ती थोरली, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. त्यानं तिच्याकडं बघून मान लववून रामराम केला.

झाडाखाली पंगत मांडली. माणसं बसली. झाडाच्या पलीकडं लगेच उभी ज्वारी, आणि त्यात मजूर बाया कापत होत्या. बोलणं तिथपर्यंत सहज ऐकू जात होतं.

माणिकरावानं रोडग्यात तूप घेता घेता विचारलं, "एक गोष्ट इचारतो, राग मानू नका. थोरलीच्या माहेरचं कोनी आडवं येईन काय? उद्या पोरीले त्रास नको."

सुभद्राबाई म्हणाली, "आडवं कोन येते? बाप नाही. भाऊ दुष्काळी कामावर. माय तं इथिच हाय, आमच्याच वावरात कापून राह्यली. जिची माय लेकीच्या घरचं पानी पेत नाही, तिनं काय बोलाव? तिच्या मायनंच गावाले सांगतलं, का या घरात लेकरू नाही. आमी तोंड उघडाच्या आधी."

ज्वारीतला कापण्याचा आवाज थांबला.

जनकाबाई ताटांतून बाहेर आली. तिनं विळा खाली ठेवला. विहिरीच्या पाटाला, लेकीच्या घरच्या पाण्यानं, हात धुतले, तोंड धुतलं, आणि ओंजळ भरून ते पाणी प्याली. मग ओल्या हातांनी येऊन ती पंगतीच्या टोकाला, पुरुषमाणसं बसली होती तिथंच, मांडी घालून बसली.

"केसर," ती म्हणाली, "मला वाढ."

कुणी हललं नाही. विमलबाईचं पोर तेवढं तोंडात घास घेऊन बघत राहिलं.

"वाढ म्हनते ना. भूक लागली मला."

केसरबाईनं पत्रावळ मांडली. रोडगा फोडताना तिची बोटं भाजली, तिला कळलं नाही. भाजी वाढली, वरण वाढलं. जनकाबाईनं रोडग्याचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. कित्येक दिवस उपाशी माणसानं खावं तशी ती खात होती, तरी मान ताठ होती. तिसरा घास गिळून तिनं सुभद्राबाईकडं पाहिलं.

"हे मह्या लेकीचं घर हाये. हे तिचं वावर, हे तिचं पानी. म्या इथं जेवले, आता रोज जेवीन. मह्या न खान्याचा कुनी दाखला देऊ नका. लेकरू असो नसो, घर तिचं हाये."

रंगराव पत्रावळीतल्या भाजीत बोट फिरवत होता. केसरबाईनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं तेव्हा मान वर केली असती तर.

बोलला तो माणिकराव. त्याचा सूर अगदी मऊ होता. त्यानं जनकाबाईला हात जोडले. "बरं केलं माय. मोठं मन हाय तुमचं. इतके साल तुमी आस धरली, आज सोडली. आता कोनाच्या जिवाले खटकाले नको. आमी म्हनत होतो, का तिच्या मायचा तळतळाट तं नाही ना लागनार. तुमीच घास घेऊन मोकळं केलं."

सुभद्राबाईनं डोळ्याला पदर लावला. तिचं रडणं खोटं नव्हतं. "खरंच इहीनबाई. तुमीबी समजून चुकल्या. आपल्या हातात काय हाय?"

जनकाबाईच्या हातातला घास तसाच राहिला. ती एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. आपण काय करायला आलो आणि काय झालं, हे तिच्या ध्यानात येत होतं. "तसं नाही," ती म्हणाली. "मी तसं नाही म्हनले..." पण महादेवराव तोवर तिथीविषयी बोलू लागले होते, अखजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आसपासचा मुहूर्त कसा पडेल याविषयी. पंगत पुन्हा जेवू लागली. कुणीतरी जनकाबाईच्या पत्रावळीत आणखी वरण वाढलं.

संध्याकाळी मायलेकी अंगणात बसल्या. घरात पाहुण्यांची वर्दळ होती.

"तू काऊन खाल्लं, माय?" केसरबाईनं विचारलं.

"तुह्यासाठी. ते म्हनत होते ना..."

"मले मालूम हाय तुनं कायले खाल्लं."

"मग?"

केसरबाईनं अंगणातली एक काडी उचलून मोडली. मग म्हणाली, "तू दरसाल ते पीठ बांधून आनत होती, तं मले तुहा राग ये. लोक पाहेत, मले मेल्यापरीस होये. पन वाटे, एक मानूस हाय. मी थकली, हे थकले, मामीजी थकल्या. माय थकली नाही. आज तू तोंडात घास घातला तं मले वाटलं, संपलं."

"मी सोडली नाही आस, पोरी. देवाशपथ."

"मले मालूम हाय."

"मग कामून असं बोलतीस?"

"मालूम असून का होते, माय."

जनकाबाईनं लेकीचा हात हातात घेतला. भाजलेल्या बोटांवर फोड आले होते. तिनं त्यावर फुंकर घातली. केसरबाईनं हात काढून घेतला नाही, पण आईकडं बघितलंही नाही. आतून सुभद्राबाईची हाक आली, पाहुण्यांचं दूध तापवायचं होतं. ती उठली.

"रोज जेवीन" म्हणालेली जनकाबाई त्या घरात परत जेवली नाही. सोंगणी उरकेपर्यंतही थांबली नाही. मजुरीची ज्वारी गाठोड्यात बांधून ती निघाली. केसरबाई तिला एस. टी.पर्यंत पोचवायला गेली. गाडी येईपर्यंत दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. जनकाबाई म्हणाली, "पुंजाजीला घेऊन येते. चार मानसं जमवते. असं कसं करतीन?" केसरबाई म्हणाली, "हाव." दोघींनाही ठाऊक होतं की पुंजाजी कामाची हजेरी बुडवून येणार नाही, आणि आला तरी त्याचं इथं कुणी ऐकणार नाही.

चैत्रात निरोप आला. निरोप घेऊन येणारा माणूस दुसऱ्याच कामासाठी शेगावला आला होता, तिथून त्यानं कुणाच्या तरी हाती सांगावा धाडला. तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. जनकाबाई सुनेजवळ कामाच्या जागेवर जाऊन राहिली होती. तिथं पाण्याचा टँकर यायचा, त्या पाण्यानं पालापालांत हगवण लागली. ती दोन दिवसांत गेली.

केसरबाई एकटीच निघाली. रंगरावानं गाडीत बसवून दिलं, तिच्या मांडीवर शिदोरी ठेवली, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं असं तिला वाटलं. गाडी सुटली.

माहेरच्या घराला कुलूप होतं. दारासमोर वाळलेल्या बाभळीच्या काट्या लावलेल्या. शेजारीण म्हणाली, समदे कामावर हायेत, इथं पानी कुठं हाये. मग ती विचारत विचारत त्या रस्त्यावर गेली. फोडलेल्या खडीचे ढीग लांबपर्यंत पसरलेले, आणि ढिगांमधे बसलेली माणसं उन्हात ओळखूच येत नव्हती. पुंजाजी दिसला. तो तिच्या गळ्यात पडून रडला, आणि मुकादमाची शिट्टी झाली तसा डोळे पुसून पुन्हा हातोडा घेऊन बसला. वहिनीनं तिला वाटपात आलेली सुकडी खायला दिली. आईला कुठं जाळलं ते दाखवायला नेलं. एक सुका नाला होता. राखही राहिली नव्हती, वारा लागला होता.

"मरताना काही बोलली काय?" केसरबाईनं विचारलं.

"नाही. शुद्ध कुठं होती!" वहिनी म्हणाली.

ती रात्र पालात काढून सकाळी केसरबाई परत फिरली. पुंजाजी म्हणाला, "राह्य ना बाई दोन दिवस." कुठं राहायचं ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

सोनाळ्याला पोचली तेव्हा दिवे लागले होते. ओसरीवर माणसं बसली होती. माणिकराव, महादेवराव, आणखी दोघं. लग्नाची यादी करायला आले होते. सुभद्राबाई दाराशी आली, तिनं सुनेला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला, दोन अश्रू गाळले. मग हळूच म्हणाली, "अंघोळ करून घे. अन् चहा ठेवजो बाई, पाव्हने कव्हाचे बसले हायेत."

केसरबाईनं अंघोळ केली, चहा ठेवला.

लग्न अखजीच्या आधी झालं. फार गाजावाजा न करता, नवरीच्या गावच्या देवळात. केसरबाई गेली नाही. तिला कुणी नेलंही नाही, थांबवलंही नाही. नवरी सरस्वती. हडकुळी, घाऱ्या डोळ्यांची, अजून शाळकरी वाटावी अशी. वरात आली तेव्हा दारात केसरबाईच होती, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं पोरीच्या पायांवर पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसरबाई चुलीपाशी गेली तर पोरगी आधीच तिथं बसलेली, गुडघ्यात तोंड घालून. हुंदके देत होती.

"काऊन रडतं व?"

"तुमी कोन?" पोरीनं डोळे पुसत विचारलं. "काल तुमी पानी घातलं. तुमी आत्या हा काय?"

"मी थोरली."

पोरगी बघतच राहिली. "मले तं सांगतलं, का थोरली माहेरी जाऊन बसली. कायमची."

"माहेर नाही मले," केसरबाई म्हणाली.

तिला या पोरीचा राग यायला हवा होता. आला नाही. जवळ घ्यावं असंही वाटलं नाही. आत काहीच हललं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली. तिनं चुलीत काड्या सारल्या, फुंकर मारली, जाळ लागला. पोरीला मीठ कुठं आहे, तिखट कुठं आहे, सासूबाईंना चहा कसा लागतो ते सांगितलं. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायच्या राहिल्या होत्या. डोक्याला फडकं बांधून ती मजूर बायांच्या आधीच शेतात जाऊन पोचली.